वजनकाटा काय सांगत नाही

‘बॉडी पॉझिटिव्हिटी’, म्हणजे आपल्या शरीराची लाज न बाळगणे, हा शब्द मोबाइलवरून आमच्या आंबागडापर्यंत पोहोचला. ‘मग आजारांचे काय?’ ही शंका मला रास्त वाटली, म्हणून मी खोलात गेलो.

व्यायामशाळेत बहुधा बीएमआय पाहतात: किलोतील वजन भागिले मीटरमधील उंचीचा वर्ग. बेल्जियमच्या अडॉल्फ केटले यांनी १८३० च्या दशकात हे गुणोत्तर मांडले ते लोकसमूहांच्या अभ्यासासाठी, एकेका माणसाच्या तपासणीसाठी नव्हे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच मापे छापली. दोघांचाही बीएमआय २२.३, शरीरातील चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, युडकिनांची ९.१.

म्हणजे निव्वळ काटा पाहून बारक्याला दिलेली शाबासकी आणि जाड्याला मारलेला टोमणा, दोन्ही कच्च्या पुराव्यावर. मधुमेहाची शंका रक्त तपासून फिटते. टोमण्याने फक्त व्यायाम सुटतो. शरीराचा आदर म्हणजे आजाराकडे डोळेझाक नव्हे. प्रशिक्षकाने दम, झोप, गुडघे यांची विचारपूस करावी. आंबागडचा किल्ला चढताना गेल्या महिन्यापेक्षा कमी धाप लागली, तर काटा जागचा हलला नसला तरी शरीर सुधारले आहे.