दुसऱ्या गोळीची किंमत

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला बंदूक प्रथम भेटते ती लोण्याच्या शेजारी. पॉल सॅम्युएल्सन यांच्या १९४८ च्या पाठ्यपुस्तकाने जगभर रूढ केलेली ती आकृती मी गेली वीस वर्षे फळ्यावर काढीत आलो आहे. एका अक्षावर बंदुका, दुसऱ्यावर लोणी आणि मध्ये बाहेरच्या अंगाला फुगलेला वक्र. बंदुका हव्या असतील तर लोण्यावर पाणी सोडावे लागेल, एवढाच तिचा बोध. त्या आकृतीतील बंदूक राष्ट्राची असते. लोण्याप्रमाणेच दुकानात जाऊन विकत घ्यावयाची, एखाद्या शेतकऱ्याने कोठीघराच्या कपाटात ठेवावयाची बंदूक तिथे येत नाही. अशी एक रायफल गेल्या उन्हाळी सुटीत मला हाताळावयास मिळाली, आणि बंदुकीच्या किमतीविषयी आपण जो विचार करतो तो चुकीच्या ठिकाणी सुरू होतो की काय, अशी शंका मनात आली.

आमच्या पिढीतील ज्यांनी रायफल हाती धरली त्यांतील बहुतेकांनी ती एन.सी.सी.च्या शिबिरात धरली. पॉइंट बावीस बोअरची, बोल्ट हाताने मागेपुढे करावयाची जड रायफल. पालथे पडून मोजून पाच गोळ्या. आणि फायरिंग संपल्यावर पाचही रिकाम्या पुंगळ्या हवालदारसाहेबांच्या हाती परत. एखादी गवतात हरवली की सारी तुकडी ती शोधण्यासाठी ओणवी होई. गोळी ही मोजण्याची, जपण्याची वस्तू आहे, हा संस्कार त्या पाच गोळ्यांनी केला.

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील ओटॅगो प्रांतात माझे मेहुणे नोकरीनिमित्त राहतात. त्यांच्या परिचयाच्या एका मेंढपाळ शेतकऱ्याचे कुरण अलेक्झांड्रा गावाच्या बाजूला आहे. आपल्याकडे मे महिन्यात अंगाची लाही होते तेव्हा तिथे पहाटे गवतावर हिमाचा पांढरा थर असतो. उघडेबोडके खडकाळ डोंगर, खाली क्लूथा नदी, आणि जिकडे पाहावे तिकडे सशांची बिळे. ससा तिथला नव्हे. एकोणिसाव्या शतकात युरोपीय वसाहतकारांनी तो हौसेने आणला, आणि १८७६ साली त्याच्या उपद्रवाविरुद्ध कायदा करण्याची पाळी त्यांच्यावर आली. दहा-बारा ससे मिळून एका मेंढीचा चारा फस्त करतात, असा तेथील शेतकऱ्यांचा हिशेब आहे.

या सशांचा इतिहास अर्थशास्त्राच्या वर्गात सांगण्याजोगा आहे. प्रारंभी सशाचे कातडे आणि मांस यांचा मोठा व्यापार होता, आणि व्यापारामुळे ससे कमी होतील अशी अपेक्षा होती. झाले उलटेच. फासे लावणाऱ्याचे पोट सशावर चाले. मग तो पुढच्या हंगामासाठी विणीचे ससे राखून ठेवी. शेवटी १९५० च्या दशकात शासनाने हा व्यापारच मोडून काढला. सशाला बाजारात किंमत राहिली नाही, तेव्हाच त्याला संपविण्यात सर्वांचे हित एक झाले. (आपल्याकडील किती योजना समस्येवर जगणाऱ्यांच्या हाती सोपविलेल्या असतात, हा विषय वेगळा.) पुढे १९९७ मध्ये शासनाने परवानगी नाकारलेला सशांचा एक विषाणू काही शेतकऱ्यांनी चोरून देशात आणला, रोगी सशांची यकृते स्वयंपाकघरातील मिक्सरमध्ये वाटून पसरविला. कालांतराने सशांमध्ये त्याला प्रतिकार करण्याची शक्ती आली. २०१८ मध्ये त्याचा नवा प्रकार, या वेळी रीतसर, सोडण्यात आला. ससे मात्र आहेतच.

ज्या जनावराला मारून पदरी काहीच पडत नाही, त्याला मारण्याचा खर्च अगदी थोडा असावा लागतो. स्वस्त रायफलीची गरज येथे निर्माण होते. त्या शेतकऱ्याजवळ होती ती ‘रुगर १०/२२’ ही अमेरिकन बनावटीची, शेतांवर सर्रास आढळणारी अर्धस्वयंचलित रायफल. अर्धस्वयंचलित म्हणजे एकदा चाप ओढला की एकच गोळी सुटते, परंतु रिकामी पुंगळी बाहेर फेकणे आणि नवी गोळी नळीत बसविणे हे काम रायफल स्वतःच करते. माणसाने फक्त पुन्हा चाप ओढावयाचा.

परवानाधारक जवळ उभा राहून देखरेख करीत असेल तर परवाना नसलेल्यालाही तेथे रायफल चालविता येते. जमिनीला बोल्टने जखडलेल्या पोलादी कपाटातून त्याने ती काढली. गोळ्या निराळ्या कुलपात होत्या. पहिली जाणीव झाली ती वजनाची. अडीच किलोंच्या आतबाहेरची ती वस्तू शिबिरातील रायफलीच्या मानाने खेळण्यासारखी वाटली. दहा गोळ्यांचे मॅगझिन लाकडी दस्त्याच्या पोटात असे बसते की बाहेर काहीच डोकावत नाही. नळीच्या तोंडाशी आवाज दाबणारी नळकांडी होती. आपल्याकडे ती चित्रपटांतील खलनायकापाशीच असते. तेथे शेतकरी ती सर्रास वापरतो आणि शेजाऱ्यांच्या झोपेची काळजी म्हणून तिच्याकडे पाहतो.

पन्नास पावलांवर मातीच्या दरडीपुढे त्याने पत्र्याचे डबे मांडले. मी चाप ओढला आणि कचेरीत स्टेपलर दाबल्यावर व्हावा तसा आवाज झाला. खांद्याला धक्का असा बसलाच नाही. डबा पडला की नाही हे पाहण्यापूर्वीच रायफल पुन्हा सज्ज होती, आणि माझे बोटही. दहा गोळ्या किती वेळात संपल्या हे सांगता येणार नाही. दहा सेकंदही लागले नसावेत. तीन डबे पडले. मला आनंद झाला, आणि तो लपविण्याचे कारण नाही. मी दुसरे मॅगझिन मागितले, मग तिसरे. पुंगळ्या गवतात पडल्या होत्या. त्या कोणी मोजल्या नाहीत.

ही रायफल एवढी स्वस्त कशी, याचे उत्तर तिच्या पोटात आहे. मोठ्या रायफलीत स्फोटाचा दाब प्रचंड असतो; गोळी नळीबाहेर पडेपर्यंत मागचे दार घट्ट अडकवून ठेवणारी, काटेकोर कातकाम केलेली यंत्रणा लागते. बावीस बोअरच्या इवल्याशा काडतुसाला तेवढ्याची गरज नाही. बोल्टचे वजन आणि एक स्प्रिंग यांनीच दार क्षणभर मिटून राहते, मग पुंगळीच त्याला मागे ढकलते आणि स्प्रिंग परत आणते. नळीसुद्धा आटे पाडून बसविलेली नाही. दोन स्क्रूंनी आवळलेली आहे. विल्यम रुगर यांनी १९४९ मध्ये कनेक्टिकट राज्यात हा कारखाना भागीदारीत काढला, आणि ही रायफल १९६४ मध्ये बाजारात आणली तेव्हा तिची किंमत साडेचोपन्न डॉलर होती. महागाईचा हिशेब करता २०२४ मध्ये ती साडेपाचशेच्या घरात जावयास हवी होती. प्रत्यक्षात साधे मॉडेल तेव्हा तीनशे-साडेतीनशे डॉलरांच्या आसपास मिळत होते. १९६४ मध्ये अमेरिकेतील सरासरी कामगाराला तासाला अडीच डॉलर मिळत. रायफलीसाठी त्याला बावीस तास राबावे लागे. २०२४ मध्ये तासाला तीस डॉलर धरले तर दहा-बारा तासांत काम भागते. केवळ संघराज्याच्या किमान वेतनावर जगणाऱ्यालाच ती तेव्हाइतकी महाग राहिली आहे : तेव्हा सव्वा डॉलरच्या हिशेबाने चव्वेचाळीस तास, आणि २००९ पासून न बदललेल्या सव्वासात डॉलरच्या हिशेबाने आजही जवळपास तितकेच. रायफलीच्या निमित्ताने किमान वेतनाचा प्रश्न असा अवचित पुढे येतो.

परंतु दुकानातील ही किंमत मुद्द्याची नव्हे. माझ्या त्या दहा सेकंदांत जे स्वस्त झाले ती रायफल नव्हे, दुसरी गोळी. शिबिरातील रायफलीवर दुसऱ्या गोळीसाठी एक मोबदला द्यावा लागे. गाल दस्त्यावरून उचलावयाचा, बोल्ट मागे-पुढे करावयाचा, नेम पुन्हा साधावयाचा. त्या दोन-तीन क्षणांत माणूस विचार करू शकतो, निदान थकतो तरी. आणि समोरच्याला पळावयास अवधी मिळतो. अर्थशास्त्रात ज्याला सीमांत खर्च म्हणतात तो हाच. अर्धस्वयंचलित यंत्रणा हा खर्च जवळजवळ शून्यावर आणते आणि मॅगझिन रिकामे होईपर्यंत तो शून्यावर ठेवते. म्हणजे या वस्तूचे खरे मूल्यमापन करावयाचे तर तीन गोष्टी पाहाव्या लागतील : गोळी केवढी, ती किती सहज सुटते, आणि किती गोळ्यांनंतर थांबावे लागते.

१५ मार्च २०१९ रोजी क्राइस्टचर्च येथील दोन मशिदींत एका माणसाने एक्कावन्न जणांचे प्राण घेतले. त्याचा परवाना रीतसर होता, शस्त्रे दुकानातून घेतलेली होती. त्या वेळच्या कायद्यात एक भगदाड होते. लहान मॅगझिन बसविलेली मोठी अर्धस्वयंचलित रायफल सामान्य परवान्यावर मिळे. तिला मोठे मॅगझिन लावले की विशेष परवाना लागे. परंतु ते मोठे मॅगझिन नुसते विकत घेण्यास कोणताच परवाना लागत नसे. सर्वांत स्वस्त भागावरच कोणाचे लक्ष नव्हते. महिन्याच्या आत तेथील संसदेने ११९ विरुद्ध १ मतांनी कायदा बदलला. मोठ्या बोअरच्या अर्धस्वयंचलित रायफलींवर आणि मोठ्या मॅगझिनांवर बंदी आली. शासनाने छप्पन्न हजारांहून अधिक बंदुका परत विकत घेतल्या आणि स्थिती पाहून मूळ किमतीच्या २५ ते ९५ टक्के भरपाई दिली. खर्च दहा कोटी न्यूझीलंड डॉलरांच्या घरात गेला. दहा गोळ्यांपर्यंतचे मॅगझिन असलेली बावीस बोअरची अर्धस्वयंचलित रायफल मात्र या बंदीतून वगळली गेली.

ऑस्ट्रेलियाने १९९६ मध्ये, पोर्ट आर्थर येथे पस्तीस माणसे मारली गेल्यानंतर, अशी सवलत दिली नव्हती. तेथे बावीस बोअरची अर्धस्वयंचलित रायफलही सामान्य नागरिकाच्या हातून काढून घेण्यात आली. शेतीसाठी गरज सिद्ध करणाऱ्यांसारख्या मोजक्यांनाच ती ठेवता येते. सुमारे साडेसहा लाख बंदुकांच्या भरपाईसाठी आरोग्याच्या सार्वजनिक योजनेचा कर एका वर्षापुरता दीड टक्क्यावरून १.७ टक्के केला गेला. बंदूक घेताना दुकानदाराला दिली न गेलेली किंमत शेवटी सगळ्या करदात्यांनी, ज्यांनी कधी बंदूक पाहिलीही नाही अशांनीसुद्धा, भरली. प्रदूषणावरील प्रकरण शिकविताना मी कारखाना आणि नदी यांचे उदाहरण देतो. हे उदाहरण त्याहून स्पष्ट आहे.

मला न्यूझीलंडची रेषा अधिक समंजस वाटते, परंतु तिच्याविषयी निश्चिंत राहता येईल असे नाही. बावीस बोअर म्हणजे खेळणे नव्हे. १९६८ मध्ये रॉबर्ट केनेडी यांचा बळी घेणारे रिव्हॉल्व्हर याच बोअरचे होते. शिवाय दहाची मर्यादा ही यंत्राने घातलेली नाही, कायद्याने घातलेली आहे. स्वतः विल्यम रुगर यांनी १९८९ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या सदस्यांना पत्र लिहून पंधराहून अधिक गोळ्यांच्या मॅगझिनांवर बंदी घालावी असे सुचविले होते. त्याबद्दल बंदूकप्रेमींचा रोषही पत्करला. ते २००२ मध्ये वारले. २०११ मध्ये त्यांच्याच कंपनीने याच रायफलीसाठी पंचवीस गोळ्यांचे मॅगझिन बाजारात आणले. तेव्हा रायफल तीच राहून तिचा स्वभाव एका स्वस्त सुट्या भागाने बदलू शकतो, आणि त्या भागावर नजर ठेवणे हे रायफलीवर नजर ठेवण्याहून अवघड आहे.

मी हे त्या शेतकऱ्यापुढे मांडले. तो म्हणाला, “तुमचे म्हणणे मला पटते, पण दोन ससे एकदम दिसले तर दुसरा माझ्या बोल्टची वाट पाहत थांबत नाही.” हा प्रतिवाद हलका नाही. दुसरी गोळी स्वस्त असण्यात त्याचा न्याय्य लाभ आहे आणि तो हिशेबात धरलाच पाहिजे. म्हणूनच परवाना देताना पोलिसांनी घरी येऊन केलेली विचारपूस आणि २०२३ पासून सुरू झालेली प्रत्येक शस्त्राची नोंदणी यांबद्दल तो कुरकुरत होता, तेव्हा मला त्याच्याशी सहमत होता आले नाही. मोटारीची नोंद करतो त्याहून ते अधिक काय आहे? त्याच्या मते, मोटार रस्त्यावर चालते आणि रायफल त्याच्या कुरणात. माझ्या मते, क्राइस्टचर्चची रायफलही कोणाच्या तरी कपाटातूनच निघाली होती. आमचे हे बोलणे तिथेच राहिले.

आपल्या देशात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली सामान्य परवानाधारकाला अर्धस्वयंचलित रायफल मिळत नाही, आणि त्यात काही बदल व्हावा असे मला वाटत नाही. आपल्याकडील स्वस्त हत्यार म्हणजे गावठी कट्टा. त्याला दुसरी गोळी सहसा नसतेच. परंतु हेच बावीस बोअरचे काडतूस आपल्याकडे वेगळ्या अर्थाने परिचयाचे आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिक येथे जगज्जेत्या झाल्या त्या याच काडतुसावर. त्याच जिल्ह्यातील कांबळवाडीचे, त्या वेळी रेल्वेत तिकीट तपासनीस असलेले स्वप्नील कुसाळे यांनी ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकचे कांस्यपदक मिळविले तेही त्याच्यावरच. त्यांच्या रायफली माझ्या हाती आलेल्या रायफलीच्या कित्येक पट महाग असतात, आणि त्यांत एका वेळी एकच गोळी बसते. ती प्रत्येक वेळी हाताने घालावी लागते.

अंधार पडण्यापूर्वी शेतकरी कुरणावर गेला, मी त्याच्या मागे चालत होतो. त्याने सतरा ससे मारले. ते उचलण्याची तसदी त्याने घेतली नाही. कुत्र्यांसाठी तेवढे दोन घेतले, आणि बाकीचे शिकारी पक्ष्यांसाठी राहू दिले.