चर्चमधला मंद उजेड, हिरवळीवरचे ऊन

इंग्लंडमध्ये वसंतात होणाऱ्या चर्च-विवाहाचे छायाचित्रण करताना दोन परस्परविरोधी प्रकाशांशी जुळवून घ्यावे लागते. जुन्या दगडी चर्चमध्ये उजेड मंद. त्यात छायाचित्रणास धर्मगुरूंची पूर्वसंमती लागते आणि विधी चालू असताना फ्लॅशला बहुधा मनाई असते. म्हणून एफ २.८ अ‍ॅपर्चरची लेन्स, आयएसओ १६०० ते ३२०० आणि सेकंदाच्या १२५व्या भागाचा शटरवेग अशी तयारी आधीच हवी. शपथ आणि अंगठीचे क्षण पुन्हा घडवून आणता येत नाहीत. पुढे ग्रामीण हवेलीच्या हिरवळीवरील स्वागतसमारंभात प्रखर ऊन वधूच्या शुभ्र पोशाखावरील नक्षी पुसून टाकते. तेथे झाडाची सावली उपयोगी पडते. एप्रिलअखेर तेथे सूर्य सायंकाळी आठनंतर मावळतो. त्यामुळे वधूवरांची निवांत छायाचित्रे दुपारी घाईने न उरकता, त्या तिरप्या उन्हासाठी राखून ठेवावीत.