दृष्टिबाधित विद्यार्थी, मराठी अभ्याससाहित्य आणि कृत्रिम बुद्धिमत्ता

टिपणे व संदर्भग्रंथांची पाने स्कॅन करून विद्यार्थ्यांना पीडीएफ स्वरूपात देण्याची पद्धत महाविद्यालयांत रूढ झाली आहे. डोळस विद्यार्थ्याची त्यामुळे सोय होते; दृष्टिबाधित विद्यार्थ्यासाठी मात्र असे पान कोरेच असते. एनव्हीडीएसारखी पडदावाचक प्रणाली अक्षरांचे संकेत वाचते, चित्र नव्हे. युनिकोडपूर्व फॉन्टमधील मराठी मजकुराचीही हीच गत होते. त्यात देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या संकेतांवर बसविलेले असल्याने ऐकणाऱ्याच्या कानी निरर्थक ध्वनी पडतात.

येथे कृत्रिम बुद्धिमत्ता साहाय्यभूत ठरते. टेसरॅक्ट या मुक्त अक्षर-ओळख प्रणालीने २०१८ मधील चौथ्या आवृत्तीपासून न्यूरल नेटवर्कचा अवलंब केला. सुटे आकार जुळविण्याऐवजी संपूर्ण ओळ ओळखण्याची ही रीत जोडाक्षरांनी युक्त अशा देवनागरीस विशेष अनुकूल आहे. आकृत्यांचे शब्दवर्णनही आता यंत्र सुचवू शकते.

तथापि यंत्राचे वाचन निर्दोष नसते. एक अनुस्वार गळताच 'वंश'चा 'वश' होतो. तक्ते व गणिती सूत्रे विस्कळीत होतात. डोळस वाचक मूळ पान पाहून चूक सुधारतो. दृष्टिबाधित विद्यार्थी तीच चूक उत्तरपत्रिकेपर्यंत नेण्याचा संभव असतो. म्हणून विषयशिक्षकाची तपासणी अपरिहार्य ठरते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार शासन-अनुदानित वा मान्यताप्राप्त शिक्षणसंस्थांनी अशा विद्यार्थ्यांना वाजवी सोयी पुरविणे अपेक्षित आहे. त्या दृष्टीने जुन्या साहित्यासाठी यंत्राचे साहाय्य घ्यावे. नवे साहित्य मात्र आरंभापासूनच युनिकोडमध्ये सिद्ध करणे श्रेयस्कर होय.