लिनक्ससाठी व्हीपीएन: ॲप नको, फाइल मागा

विंडोज १० च्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबल्या आणि ज्यांवर अकरावी आवृत्ती चढत नाही अशा जुन्या संगणकांसाठी लिनक्स हा बिनखर्चाचा रस्ता उरला. इचलकरंजीला खेटून असलेल्या कबनूरसारख्या यंत्रमागाच्या गावात असे संगणक असायचेच. कारखान्याच्या ऑफिसात दिवाणजींसमोर टॅलीचा एक, घरात मुलांच्या इंजिनिअरिंगसाठी घेतलेला दुसरा. टॅलीचा बहुधा विंडोजवरच राहतो, घरचा लिनक्सवर जातो. मग व्हीपीएनचा प्रश्न येतो आणि सर्व्हर किती, देश किती, तीन वर्षांचे एकदम भरले तर सूट किती, यातच माणूस अडकतो. लिनक्सवर ही मोजमापे दुय्यम आहेत, असे माझे म्हणणे आहे. पहिली कसोटी एकच: कंपनीचे ॲप न बसवता ती सेवा चालते का?

या कसोटीला आधार आहे. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेले वायरगार्ड हे व्हीपीएनचे सॉफ्टवेअर मार्च २०२० मध्ये आलेल्या ५.६ या आवृत्तीपासून लिनक्सच्या कर्नेलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे. त्याचा कोड सुमारे चार हजार ओळींचा, म्हणजे एखाद्या जाणकाराला नेटाने वाचून काढता येईल इतका. व्हीपीएनचा बोगदा खोदण्याचे यंत्र असे घरातच असताना कंपनीकडून हवी असते ती फक्त एक छोटी मजकुराची फाइल. तिच्यात आपली खासगी किल्ली, आपल्याला दिलेला पत्ता, डीएनएस, सर्व्हरची सार्वजनिक किल्ली, सर्व्हरचा पत्ता आणि कोणती वाहतूक बोगद्यातून न्यायची याची एक ओळ, एवढेच असते. किल्ली म्हणजे ४४ अक्षरांची एक अगम्य ओळ. ही फाइल वायरगार्डच्या फोल्डरात ठेवून रूटखेरीज, म्हणजे संगणकाच्या मुख्य प्रशासकाखेरीज, कोणाला वाचता येणार नाही अशी करायची, किंवा सरळ नेटवर्क मॅनेजरमध्ये आयात करायची. जोडणी झाल्यावर सर्व्हरशी शेवटची ओळखपाळख कधी झाली, किती डेटा आला-गेला, हे लिनक्सचीच साधने दाखवतात. ॲपचे हिरवे बटण मात्र कंपनी सांगेल तेवढेच सांगते. शिवाय ते ॲप रूटचे अधिकार घेऊन पार्श्वभूमीत बसते, मार्ग, फायरवॉल, डीएनएस सगळ्यांत हात घालते आणि लिनक्सच्या ठरावीक प्रकारांपलीकडे आणि आवृत्त्यांपलीकडे त्याची खात्री सहसा कोणी देत नाही. मुलवाड आणि प्रोटॉन या व्हीपीएन कंपन्या आपल्या संकेतस्थळावरून ही फाइल तयार करून देतात. जी कंपनी फाइल देत नाही, ती लिनक्सवाल्याने यादीतून काढावी.

यावर पहिला आक्षेप येतो की ॲपमध्ये जोडणी तुटताच इंटरनेट बंद करणारी सोय असते. पण फाइलमध्ये सगळी वाहतूक बोगद्यातून न्या असे लिहिले असेल, तर सर्व्हर गप्प झाल्यावर पॅकेट बाहेरच्या वाटेने पळत नाहीत, तिथेच अडतात. बोगदा स्वतः बंद केला तरच वाट मोकळी होते, आणि तीही फायरवॉलच्या एक-दोन नियमांनी बुजवता येते. फक्त आयपीव्ही-४ सोबत आयपीव्ही-६ ची नोंदही हवी. ती राहिली की त्या वाटेची वाहतूक उघड्यावर जाते आणि कळतही नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. वायरगार्ड फक्त यूडीपीवर चालते, आणि काही हॉस्टेल-कॉलेजांच्या वाय-फायवर यूडीपी अडवलेले असते. तिथे ४४३ क्रमांकाच्या टीसीपी पोर्टवरचे ओपनव्हीपीएन लागते. मात्र तेही फाइल देऊनच चालते.

आता विश्वासाचे. व्हीपीएनने नजर नाहीशी होत नाही. गावातल्या फायबरवाल्याकडची ती कंपनीकडे जाते. बँकेच्या पानावर आपण काय लिहितो हे एचटीटीपीएसमुळे फायबरवाल्याला तसेही दिसत नव्हते, फक्त संकेतस्थळाचे नाव दिसत होते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबरसुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनी व्हीपीएन सेवांना ग्राहकाचे नाव, पत्ता, फोन, दिलेले आयपी आणि सेवा घेण्याचे कारण पाच वर्षे जपायला सांगितले. कंपन्यांचे अंतर्गत व्हीपीएन यातून वगळले. त्याच वर्षी एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन आणि प्रोटॉनने भारतातले सर्व्हर काढून घेतले. त्यामुळे यादीत ‘भारत’ दिसला तरी यंत्र सिंगापूरला किंवा त्याहून लांब असू शकते. ‘आम्ही नोंदी ठेवत नाही’ या वाक्याचीही परीक्षा झालेली आहे. प्युअरव्हीपीएन असेच म्हणत असे, पण २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका छळाच्या प्रकरणात तिच्याच नोंदी तपासाच्या कामी आल्या. उलट एप्रिल २०२३ मध्ये स्वीडनचे पोलीस वॉरंट घेऊन मुलवाडच्या कार्यालयात गेले आणि रिकाम्या हातांनी परतले. कोणी म्हणेल, फाइल घेतली काय नि ॲप घेतले काय, वाहतूक कंपनीच्याच सर्व्हरवरून जाणार. खरे आहे. फरक आपल्या संगणकावर पडतो: कंपनीचा कोड आत येत नाही, आणि उद्या कंपनी बदलायची तर फाइल बदलली की झाले.

राहिली कबनूरमधली खरी गरज: कारखान्यातली टॅली घरून बघणे. इथे विकतचे व्हीपीएन काही कामाचे नाही. ते परदेशातल्या सर्व्हरवर नेईल, आपल्या कारखान्यात नाही. त्यासाठी स्वतःचेच वायरगार्ड हवे. फायबर जोडणीला अनेक ग्राहकांत वाटून दिलेला आयपी असेल तर बाहेरून आत शिरता येत नाही. मग स्थिर आयपी मागावा किंवा मुंबईतला छोटा सर्व्हर भाड्याने घेऊन दोन्ही संगणक त्याला जोडावेत. वाटेतल्या राउटरने दार लावून घेऊ नये म्हणून दर २५ सेकंदांनी एक पॅकेट पाठवण्याची सोय फाइलमध्येच आहे. बोगद्यातून फक्त कारखान्याचे पत्ते न्यावेत. बँक, जीएसटी, सातबारा नेहमीच्या वाटेने जाऊ द्यावेत. विकतच्या व्हीपीएनवर तर हे पाळावेच, कारण परदेशी पत्ता दिसला की अनेक सरकारी संकेतस्थळे उघडतच नाहीत.

एवढे करूनही प्रवासातल्या वाय-फायसाठी सेवा हवीच असेल, तर तीन वर्षांची रक्कम भरू नका. मुलवाड महिन्याला ५ युरो घेते, वर्षाचे भरले तरी दर तोच. प्रोटॉनच्या मोफत योजनेतही वायरगार्डची फाइल मिळते. आधी ती चालवून बघा.