शिवारातली औषधं : बांधावरचं फवारलेलं गवत

मेढ्याच्या आसपास वेण्णेकाठी भाताची खाचरं पायऱ्यापायऱ्यांनी उतरत येतात. पावसाळ्यात गुरांचं पोट बरंचसं भरतं ते या खाचरांच्या बांधांवर. म्हणजे इथं बांधावर मारलेला पंप थेट गव्हाणीतच पडतो.

औषध किती विषारी, एवढंच आपण विचारतो. गुरांच्या बाबतीत, फवारल्यावर गवताचं काय होतं हेही तितकंच पाहायला हवं. भाताला नि उसाला वापरतात ते 2,4-डी रुंद पानांच्या तणाची वाढ बिघडवतं. तण पिळवटतं, पण मरेपर्यंत काही झाडांतली साखर वाढते आणि एरवी गुरं ज्याला तोंड लावत नाहीत ते चवीनं खाऊ लागतात. ब्रिटनमध्ये रॅगवर्ट या विषारी तणाचा असाच अनुभव आहे. तिथं ते फवारलं की कुजून नाहीसं होईपर्यंत जनावर त्या रानात सोडत नाहीत.

आपल्याकडे काटेमाठ नि चंदनबटवा यांच्यावर नजर ठेवावी. ही तणं मुळातच नायट्रेट साठवतात, खताच्या जमिनीत जास्तच, आणि अशा फवारणीनं त्यात भर पडू शकते. पोटात त्याचं नायट्राइट होतं आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. रक्ताला चॉकलेटी रंग येतो, जनावर धापा टाकतं, लटपटतं. डॉक्टर यावर मिथिलीन ब्ल्यू देतात. कोवळ्या ज्वारीची किराळ हा वेगळा प्रकार. ती सायनाइडची, तिचा इलाजही वेगळा. म्हणून जनावरानं काय खाल्लं हे आधी सांगायचं.

ग्लायफोसेटची गोष्ट फसवी. फवारल्यावर काही दिवस गवत हिरवंच दिसतं. फवारणी एकानं केलेली असते, वैरणीचा भारा दुसरीच कापून आणते. फडकं बांधलेली एक काठी बांधावर रोवली तरी पुष्कळ काम होतं. खरं तर ऑक्टोबर 2022 मध्ये केंद्र सरकारनं ग्लायफोसेटची फवारणी फक्त परवानाधारक कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरती ठेवली. गावोगाव ती कोण करतं, ते सांगायला नको. पॅराक्वाटनं गवत लवकर करपतं, त्यामुळे ओळखू येतं. मात्र ते पोटात गेलं तर उतारा नाही.

लेबलावर चराईची मुदत लिहिलेली असेल तर ती पाळावी. नसेल, तर तो बांध त्या हंगामापुरता चराईतून बाद समजावा. माझं मत विचाराल तर बांधाला विळाच बरा. गवताची मुळं मेली की पहिल्या मोठ्या पावसात बांध खचायला लागतो, आणि जावळीच्या पावसाबद्दल मी काय सांगावं!

पंप ओढ्यात धुऊ नये. रिकाम्या कॅनमध्ये गुरांना पाणी ठेवू नये, कितीही विसळला तरी.

एवढं करूनही जनावर आजारी दिसलं, तर गोठ्यातला तो चारा आधी काढून घ्या. तेल, ताक, मिठाचं पाणी नळीनं ओतू नका, ते फुफ्फुसात जातं. 1962 वर फोन करून पशुवैद्यकाला बोलवा आणि औषधाचा डबा लेबलासकट त्यांच्यासमोर ठेवा.