संघर्षाला खलनायक लागतोच असं नाही

कथेत संघर्ष हवा म्हटलं, की आपल्याकडे आधी खलनायक शोधला जातो. कॅनडाच्या साहित्यात तो सहजी हाती लागत नाही. तगून राहणं हे तिथल्या साहित्याचं मध्यवर्ती सूत्र, असं मार्गारेट ॲटवुड यांनी १९७२ च्या ‘सर्व्हायव्हल’मध्ये मांडलं; त्यांच्या मते आधीच्या लेखकांपुढचे अडसर थंडीचे, रानाचे, नंतरच्यांपुढचे मनातले. ॲलिस मन्रो यांच्या ‘रनअवे’ (२००४) संग्रहातल्या त्याच नावाच्या कथेतली कार्ला नवऱ्याला सोडून टोरांटोची बस पकडते आणि वाटेतच उतरून त्यालाच फोन करते, न्यायला ये म्हणून. बसमध्ये तिला कोणीही अडवलेलं नसतं. सुटका तर हवी, पण त्याच्याशिवायचं आयुष्य डोळ्यांपुढे उभंच राहत नाही.

ही नुसती मनाची घालमेल, हिला संघर्ष कशाला म्हणायचं, असा आक्षेप येतो. म्हणायचं, कारण इथे निवड करावी लागते आणि तिची किंमत मोजावी लागते. पानभर भांडणात बहुधा दोन्ही नसतं. म्हणून बाहेरचं जग वगळावं असंही नाही. मुंबईत जन्मून १९७५ मध्ये कॅनडात गेलेल्या रोहिंटन मिस्त्री यांच्या ‘सच अ लाँग जर्नी’त (१९९१) १९७१ चं युद्ध आहे, पालिकेचं रस्तारुंदीकरण आहे, तरी नायक गुस्तादचं घर दुभंगतं ते मुलाने आयआयटी नाकारल्यावर.