पगार २५,००० डॉलर, मुक्काम गावी!

अमेरिकेचे दुसरे अध्यक्ष जॉन अ‍ॅडम्स. वार्षिक पगार २५,००० डॉलर. उपाध्यक्ष असताना होता जेमतेम ५,०००. मार्च १७९९मध्ये तेव्हाची राजधानी फिलाडेल्फिया सोडून ते क्विन्सीच्या घरी गेले आणि तब्बल सात महिने तिथूनच टपालाने कारभार हाकला. इकडे मंत्र्यांचे कान माजी अर्थमंत्री हॅमिल्टनकडे! फ्रान्सशी तहाची बोलणी लांबवण्याचा या मंत्र्यांचा खटाटोप चालूच. नौदलमंत्री स्टॉडर्टनी मात्र ‘लवकर या’ असं कळवलं. ऑक्टोबरमध्ये अ‍ॅडम्स ट्रेंटनला पोचले (पीतज्वरामुळे सरकारच तिथे हललं होतं) आणि तहासाठीच्या दूतांना थेट फ्रान्सला धाडलं. मे १८००मध्ये युद्धमंत्री मॅकहेन्रींचा राजीनामा घेतला, परराष्ट्रमंत्री पिकरिंगना बडतर्फ केलं. माझ्या मते वर्षभर उशिराच!